रुमाल टाकलेली चित्रं

धाकटीने शंका टाकली ती शनिवारी. रविवारी दुपारी ती दादाकडे जेवायला जात असे, आणि बातमी कळल्यानंतरचा त्याचा चेहरा तिला समोर बसून बघायचा होता.

छापून आलेल्या शोधनिबंधात काही खटकलं तर ते चारचौघांत विचारता यावं म्हणून संशोधकांनी एक संकेतस्थळ चालवलेलं आहे. तिथे खरं नाव द्यावं लागत नाही. धाकटीने ‘टाचणी’ असं नाव घेतलं आणि मोजकंच लिहिलं. यकृताच्या कर्करोगावरच्या या निबंधात दुसऱ्या आकृतीतला वरचा चौकोन आणि तिसऱ्या आकृतीतला खालचा चौकोन, हे दोन्ही म्हणजे एकच छायाचित्र दिसतं. एक उभं आहे, दुसरं आडवं फिरवून लावलेलं आहे. लेखकांनी मूळ छायाचित्रं दाखवावीत. बस, एवढंच. शिवी नाही, आरोप नाही. निबंधाच्या मुख्य लेखकाचं नाव खाली आपोआप आलं, आणि तो तिचा सख्खा भाऊ होता.

रविवारी दादाने फोन ताटाशेजारी पालथा घालून ठेवला होता आणि दर दोन घासांनी तो उलटून बघत होता. वहिनीने विचारलं तेव्हा म्हणाला, कोणीतरी पोटदुख्या माझ्या निबंधाच्या मागे लागलाय. आईला यातलं काही कळत नव्हतं, पण लोक तुझ्या वाईटावरच असतात, हे ती लगेच म्हणाली. ती दादाकडेच राहायची आणि हे वाक्य तिच्याकडे नेहमीच तयार असायचं.

“मर्द असता तर नावानिशी बोलला असता,” दादा म्हणाला.

“बाई असेल,” धाकटी म्हणाली आणि भाजी वाढून घेतली.

वहिनी हसली. दादासुद्धा हसला. धाकटी त्या दिवशी दोन घास जास्तच जेवली.

चाळिशी ओलांडली तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. आता ती एका शाळेत विज्ञान शिकवायची. त्याआधी ती दादाच्या प्रयोगशाळेत होती, आणि त्या निबंधातलं प्रत्येक छायाचित्र तिने काढलेलं होतं.

तो प्रयोग तसा लहान मुलालाही समजावा इतका सोपा आहे. यकृताच्या कर्करोगाच्या पेशी पारदर्शक प्लेटमध्ये वाढवतात. ओल्या फरशीवर शेवाळ धरावं तशा त्या तळभर पसरतात. मग पिपेटच्या बारीक टोकाने त्यांच्यामधून एक सरळ चरा ओढायचा. टोकाखालच्या पेशी खरवडून निघतात आणि मधे रिकामी फट राहते. लगेच एक फोटो घ्यायचा. दुसऱ्या दिवशी त्याच जागेचा पुन्हा घ्यायचा. पेशी चालत्या असतील तर दोन्ही काठांवरून सरकत येतात आणि फट बुजवून टाकतात. कर्करोग शरीरात पसरतो तो अशाच चालण्याने. औषधाने पेशींचे पाय बांधले गेले तर फट उघडी राहते. उघडी फट म्हणजे औषध लागू पडलं, बुजलेली फट म्हणजे नाही. सगळा निबंध या एका गोष्टीवर उभा होता.

काम सोपं, पण वेळ खाणारं. चरा वाकडा गेला की प्लेट वाया. धाकटीचा हात स्थिर होता. तिचे चरे पट्टीने ओढल्यासारखे यायचे आणि बाकीचे लोक आपापल्या प्लेटी घेऊन तिच्याकडे येऊन उभे राहायचे.

दादाच्या प्रयोगशाळेत घाई मात्र फार. प्रयोग संपायच्या आत निबंधाच्या आकृत्या मांडायला घ्यायचे. ज्या चौकोनाचं चित्र अजून यायचं असेल तिथे हाताला लागेल ते दुसरं चित्र चिकटवून ठेवायचे, म्हणजे पान भरलेलं दिसतं आणि मापं ठरतात. आडव्या चौकोनात उभं चित्र मावत नसेल तर ते फिरवायचे. गर्दीच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसलाच प्रकार. त्या चित्रांना तिथे रुमालच म्हणत. ‘तिसऱ्या आकृतीत अजून दोन रुमाल आहेत’ असं कोणी बोललं की नवीन आलेला माणूस बुचकळ्यात पडायचा.

निबंध पाठवायचा दिवस आला तेव्हा धाकटीने लेखकांची नावं वाचली. तिचं नव्हतं. ती दादाच्या खोलीत गेली. दादाने तिला बसवून घेतलं आणि अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, की आडनाव एकच, लोक म्हणतील बहिणीला पुढे करतोय; आणि तू तर घरचं माणूस, तुला नावाचं काय एवढं. धाकटीने खुर्ची मागे सरकवली. उठताना मात्र तिने सांगितलं, आकृत्यांमध्ये अजून चार रुमाल आहेत, खरी चित्रं मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवली आहेत, पाठवायच्या आधी बदलून घे. दादाने मान वर न करता म्हटलं, मला शिकवू नकोस.

तिने एप्रन खुंटीला लावला. आपण काढलेल्या सगळ्या छायाचित्रांची प्रत हार्ड डिस्कवर घेतली, आणि त्या प्रयोगशाळेत पुन्हा पाऊल टाकलं नाही.

निबंध छापून आला तो चारही रुमालांसकट. धाकटीने तो पहिल्या दिवशीच पाहिला. बोटाने एकेक चौकोन तपासला आणि तिला जे वाटलं त्याला आनंद म्हणावं तर तोंडाला कडू चव आली होती. सांगावं, असं तिला त्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं नाही. निष्कर्ष तर बरोबरच आहे, असं ती मनाला बजावत राहिली. चारांतल्या तीन फटी मूळ चित्रांतही उघड्याच होत्या. चौथी तेवढी, सगळ्यात जास्त औषध दिलेली, अर्धी बुजली होती. ती एकच.

मग ती वाट बघू लागली. झाडावर चढणाऱ्याला खाली ओढायचं तर आधी शेंड्यापर्यंत जाऊ द्यावं. दादा चढत गेला. भाषणांत तो सांगू लागला, की आमचे वडील यकृताच्या कर्करोगाने गेले, त्यांच्या उशाशी बसून मी ठरवलं की या रोगाच्या मागे लागायचं. वडिलांच्या उशाशी बसली होती धाकटी. दादा आला होता तो शेवटी, आणि तेव्हाही त्याचा निम्मा वेळ फोनवर बोलण्यात गेला होता. एका भाषणाला ती मागच्या रांगेत बसून होती. टाळ्या पडल्या तेव्हा तिनेही वाजवल्या.

आता यकृताच्या रोगांचं नवं केंद्र उघडणार होतं आणि प्रमुखपदासाठी दादाचं नाव सगळ्यांत पुढे होतं. शेंडा आला होता.

पहिल्या शंकेला दादाने उत्तर दिलं, आणि ते उत्तर वाचून धाकटी स्वयंपाकघरात एकटीच हसली. त्याने लिहिलं होतं, की सूक्ष्मदर्शकाखाली एकाच प्रकारच्या पेशी सारख्याच दिसतात. शंका काढणाऱ्याला बहुधा या कामाचा अनुभव नसावा.

कॉपी कशी पकडायची हे शाळेत शिकवणाऱ्या बाईला कोणी सांगावं लागत नाही. दोन मुलांची बरोबर उत्तरं सारखी असली तर त्यात काही नाही. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. दोघांनी एकच चूक एकाच जागी केली की शेजारी शेजारी बसलेत, हे समजावं. धाकटीने दोन्ही चौकोन मोठे केले आणि कोपऱ्यात पडलेल्या एका धुळीच्या कणाभोवती लाल गोल काढला. कण वाकडा होता, तुटलेल्या नखासारखा. दोन्हीकडे तोच, फटीपासून तेवढ्याच अंतरावर. खाली तिने लिहिलं, ‘पेशी सारख्या दिसतील. कचरा सारखा दिसत नाही.’

हे वाक्य बऱ्याच लोकांना आवडलं. दादाच्या संस्थेतले लोकही ते एकमेकांना ऐकवू लागले, हे तिला वहिनीकडून कळलं.

त्यानंतर थोडे दिवस जाऊ देऊन तिने दुसरी जोडी टाकली. दादा जरा सावरला असं वहिनी म्हणाली, तेव्हा तिसरी. चौथी तिने मुठीत ठेवली. ती कधी बाहेर काढायची हे तिचं ठरलेलं होतं. निबंधाची दुरुस्ती छापून येईल, दादा सुटकेचा श्वास टाकेल, आणि मग. एकदा दुरुस्त केलेल्या निबंधात पुन्हा चूक निघाली तर माणसाला कोणी उभं करत नाही.

नियतकालिकाच्या संपादकांचं पत्र आलं. मूळ छायाचित्रं द्या, ती निष्कर्षाशी जुळली तर दुरुस्ती छापू. नाही दिलीत तर निबंध मागे घ्यावा लागेल. केंद्राच्या निवड समितीनेही कळवलं, की हा विषय मिटल्याशिवाय आम्ही बसणार नाही. दादाने प्रयोगशाळा पालथी घातली. मोठा कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला होता.

आधी फोन आईचा आला. दादा जेवत नाही, झोपत नाही, तुझ्याकडे जुनं काही असेल तर दे त्याला, म्हणाली. धाकटीने विचारलं, त्या निबंधावर माझं नाव नाही हे तुला ठाऊक आहे का. आईला ठाऊक होतं. नाव नसलं म्हणून काय बिघडलं, ती म्हणाली, श्रेय घरातच राहिलं ना.

“घरात राहिलं, पण दुसऱ्या खोलीत,” धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

मग दादा स्वतः आला. धाकटी त्या घरात राहायला आल्यापासून तो तिथे पहिल्यांदाच येत होता. जिने चढून त्याला धाप लागली होती. ती टेबलाशी बसून उत्तरपत्रिका तपासत होती. त्याला बसायला खुर्ची हवी म्हणून तिने एक गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला, आणि हातातली उत्तरपत्रिका पुरती तपासून झाल्यावरच मान वर केली.

दादाने जुन्या चित्रांचं विचारलं. कुठली चित्रं, म्हणून धाकटीने त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. निबंध कुठला, चूक काय, ती कशी झाली. मग तिचा भाऊ तिलाच रुमाल म्हणजे काय ते समजावून सांगू लागला. ती मान डोलावत ऐकत राहिली, फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलाचं ऐकावं तशी.

“मी जाताना तुला काही सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“आठवत नाही गं.”

“आठव.”

दादाने कपाळ चोळलं. बदलायचे राहिलेत, असं काहीसं, तो म्हणाला. किती राहिलेत, तिने विचारलं. तीन, तो म्हणाला, तीनच निघालेत. धाकटीने त्याची चूक दुरुस्त केली नाही.

मग त्याने जरा धीर करून सांगितलं, की संपादकांना त्याने एक पत्र आधीच पाठवलं आहे. आकृत्यांची मांडणी एका तात्पुरत्या मदतनीसाने केली होती आणि चूक तिच्याकडून झाली, असं. “तुझं नाव नाही हं घातलं,” तो घाईने म्हणाला. “तुला उगाच त्रास नको.”

धाकटीने लाल पेनाला टोपण लावलं.

“कौतुकाच्या वेळी नाव नाही, कारण मी घरचं माणूस. आता चपला पडायच्या वेळी चूक माझी, पण नाव नाही, तेही मी घरचं माणूस म्हणून. दादा, घरच्या माणसाला पायपुसणं म्हणतात का रे?”

पैशाचं काही असेल तर, असं तो पुटपुटला. धाकटीने हात वर करून त्याला थांबवलं आणि आपल्या अटी सांगितल्या. ते पत्र मागे घ्यायचं. निबंधावर लेखक म्हणून तिचं नाव घालायचं. दुरुस्तीत लिहायचं, की सर्व छायाचित्रं हिने काढलेली होती आणि बदलायला सांगूनही ती बदलली गेली नाहीत. हे संपादकांना कळवल्याचं दिसलं की चित्रं मिळतील.

“भावाशी व्यवहार करतेस,” दादा म्हणाला.

“बहिणीशी कोणी सरळ व्यवहार केला असता तर हे शिकले नसते.”

त्याने कळवलं. तिने तीन मूळ चित्रं दिली, मागितली तेवढीच. संपादकांनी ती तपासली. तिन्ही फटी उघड्या होत्या, काढल्याची तारीख जुळत होती, आणि सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्याच्या जागी धाकटीचं नाव चित्रांच्या पोटातच नोंदलेलं होतं. निष्कर्षाला धक्का नाही, दुरुस्ती छापू, असं उत्तर आलं. छापायच्या मजकुराचा मसुदा सगळ्या लेखकांच्या संमतीसाठी आला, तो तिलाही आला.

तिने आपलं नाव वाचलं. शाळेच्या हजेरीपटावर, विजेच्या बिलावर ते ती रोजच बघायची, पण हे वेगळं होतं. खोलीत कोणी नसताना तिने ते एकदा मोठ्याने वाचून बघितलं.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की मुठीतली टाचणी आता आपल्यालाही टोचणार. निबंध आता तिचाही होता. चौथं चित्र बाहेर काढलं तर दादाबरोबर तीही खोटी पडणार. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा तो असाच. गप्प बसलं तर काय होतं? नाव राहतं, दादा प्रमुख होतो, आई खूश. आणि ज्यांना यातलं काही ठाऊक नाही असे कुठकुठले संशोधक त्या सगळ्यात मोठ्या मात्रेवर भरवसा ठेवून पुढे काम करत राहतात. काही जणांनी ते सुरूही केलं होतं. त्यांचे निबंध तिने वाचले होते.

संमती एकत्रच देऊ, तू इकडे ये, असा दादाचा निरोप आला, तेव्हा तिने एवढंच ठरवलं होतं, की चौथं चित्रही याच दुरुस्तीत घालायला लावायचं. पुन्हा तपासणी होईल, समितीची तारीख निघून जाईल, प्रमुखपद हुकेल. तेवढ्यावर भागवायचं. नाव राहील. सूड जरा लहान झाला होता, पण तिच्या मापाचा होता.

प्रयोगशाळा फारशी बदललेली नव्हती. इन्क्युबेटरची घरघर तीच, स्पिरिटचा वास तोच. सूक्ष्मदर्शकापाशी एक मुलगी डोळे लावून बसली होती आणि तिच्या कोपराशी चरा वाकडा गेलेल्या प्लेटींची चळत होती. दादाची खोली काचेपलीकडे होती. तो आज खुशीत दिसला. त्याने स्वतः उठून चहा ओतला. समिती गुरुवारी बसतेय, म्हणाला. हे एकदाचं मिटलं की तुलाही केंद्रात घेऊ, शाळेत काय ठेवलंय. धाकटीने चहा घेतला आणि बशी खाली ठेवली.

“चौथा रुमाल राहिलाय,” ती म्हणाली.

दादाने उठून दार लावलं. परत येऊन बसला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. तिथे कोणाचं लक्ष गेलेलं नाही, आता ते उकरून काढायचं काही कारण नाही, असं त्याने समजावलं. ती बधत नाही असं पाहून तो पुढे वाकला.

“आणि उकरून दाखवणार काय आहेस? अर्धी बुजलीय ती फट.”

काचेपलीकडे ती मुलगी उठून प्लेटी टाकायला गेली. धाकटी दादाकडे बघत राहिली.

चित्रं न बघताच निबंध पाठवला, घाईत विसरलो, असं त्याने संपादकांना नंतरच्या पत्रात लिहिलं होतं. तिच्या घरी बसूनही तेच सांगितलं होतं. कॉम्प्युटर भंगारात गेला होता. चौथं चित्र तिने अजून कोणालाही दाखवलेलं नव्हतं.

“तुला कसं माहीत?” तिने विचारलं.

दादाने कपाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

“तू तेव्हाच उघडून पाहिलंस,” ती म्हणाली. “ते एकच पाहिलंस, कारण सगळ्यात जास्त औषध त्यात होतं. आणि पाहून रुमालच ठेवलास.”

मग तो बोलू लागला. एखादी प्लेट बिघडते. जास्त औषधाने फट जास्त बुजली, असं कसं होईल? प्लेटच खराब असणार. प्रयोग पुन्हा करायला वेळ नव्हता, दुसरा एक गट मागे लागलेला होता, ते आधी छापून मोकळे झाले असते. तो हे सगळं अगदी नीट, मुद्द्याला धरून सांगत होता आणि सांगता सांगता मधेच थांबला. चौथं माहीत असलेलं माणूस एकच होतं. तीन माहीत असलेलंही तेच.

“ती टाचणी,” तो म्हणाला.

“हो.”

“माझ्या घरी बसून जेवत होतीस.”

“वहिनीच्या हाताला चव आहे.”

त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय तो वडिलांसारखा दिसायचा, पण धाकटीला त्याचं आज काही वाटलं नाही. एवढं सगळं एका नावासाठी, असं त्याने विचारलं. तिला खोटं बोलायचं कारण नव्हतं; हो म्हणाली.

“मग मिळालं ना नाव? आता काय हवंय तुला?”

“आता ते तुझ्या खोट्याखाली आहे.”

हे कळवलंस तर दुरुस्ती बिरुस्ती नाही, निबंधच मागे घेतील, तो म्हणाला. तुझ्या तिन्ही फटी जातील, तुझं नाव जाईल, शाळेतही लोक विचारतील. धाकटीला ते ठाऊक होतं. जणू दोघांच्या घरांची भिंत आता सामाईक होती. त्याचं पेटवलं तर तिचं राहणार नव्हतं. आपल्या हातांनी ओढलेले ते सरळ चरे तिला आठवले. तसं काम तिने आयुष्यात पुन्हा केलं नव्हतं.

तिने फोन काढला आणि संपादकांना पत्र लिहायला घेतलं. लिहिता लिहिता ती ते मोठ्याने, सावकाश वाचत गेली, वर्गात शुद्धलेखन घालावं तसं. चौथ्या आकृतीतला शेवटचा चौकोनही रुमाल आहे, म्हणजे तिथे दुसरंच चित्र लावलेलं आहे. मूळ चित्र सोबत जोडलं आहे. त्यात फट अर्धी बुजलेली आहे. ते चित्र मुख्य लेखकाने निबंध पाठवण्यापूर्वी पाहिलं होतं, असं त्याने आज माझ्यासमोर सांगितलं. या निबंधाबद्दल शंका विचारणारी टाचणी मीच. माझं नाव आता लेखकांत आहे, म्हणून ही जबाबदारी माझीही आहे. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबायची आणि दादाकडे बघायची.

“काही चुकत असेल तर सांग,” ती म्हणाली. “दुरुस्त करते.”

आईला काय सांगू, एवढंच त्याने विचारलं. खरं सांग, धाकटी म्हणाली, नाहीतर मी सांगते. माझं सांगणं तुला आवडणार नाही. मग तिने पत्र पाठवलं, ते गेल्याचं त्याला दाखवलं आणि राहिलेला चहा गार झाला होता तरी संपवला.

गुरुवारी समितीने दुसऱ्याच कोणाला निवडलं. निबंध मागे घ्यायला संपादकांना वेळ लागला, पण घेतला. तशी सूचना छापून आली. सगळ्या लेखकांची नावं तिच्यात होती आणि शेवटी धाकटीचं. नुसता निबंध शोधला तर तो जुन्याच नावांनी सापडायचा, आणि आता त्याच्यावर आडवा लाल शिक्का होता. तिचं नाव छापलेलं होतं ते फक्त त्या सूचनेत.

रविवारचं जेवण बंद झालं. वहिनीने एकदा निरोप पाठवला, की डबा पाठवून देऊ का; धाकटीने नको म्हटलं आणि मग तिला वाईट वाटलं, वहिनीचं तेवढं. दादाचा फोन आला नाही.

आईचा आला, बऱ्याच दिवसांनी. शाळेला सुट्टी होती आणि धाकटी कपडे वाळत घालत होती. आईने तब्येत विचारली नाही. दादा घरात कोणाशी बोलत नाही, केस किती पांढरे झालेत बघ येऊन, भाषणाला कोणी बोलावत नाही, हे सगळं एका दमात सांगितलं. धाकटी खांद्याने फोन धरून ऐकत होती आणि ओल्या चादरीचं एक टोक दोरीवर सारखं करत होती.

“झालं आता तुझं समाधान?” आईने विचारलं.

तो टोमणा होता. आईला उत्तर नको होतं. पण धाकटीने प्रश्नाचा मनापासून विचार केला. दादाचा चष्म्याशिवायचा चेहरा तिने आठवून बघितला, छापलेली सूचना आठवून बघितली, गेलेली तिन्ही चित्रं आठवली.

“हो,” ती म्हणाली. “झालं.”